पोळ्याचा लगद्याचा बैल: रंग खरवडू, नवा देऊ, की आहे तसाच राहू देऊ?

पेटाऱ्यातली
मंडळी, सल्ला हवा आहे. भांडलात तरी चालेल, घरात भांडून झालंच आहे.

गेली सात-आठ वर्षं मी कागदाच्या लगद्याच्या जुन्या, हातानं रंगवलेल्या वस्तू जमवते. सुरुवात आजोळच्या माळ्यावर सापडलेल्या एका काश्मिरी कलमदानापासून झाली. आता एकतीस नग आहेत. तंजावरची मान डोलावणारी बाहुली, पुरुलियाच्या छऊ नाचाचा मुखवटा (महिषासुर, एक शिंग गायब), एक वाघ, आणि एक राजा-राणीची जोडी जिचं गाव मला आजतागायत कळलेलं नाही. नवरा या सगळ्याला 'तुझी रद्दी' म्हणतो. शास्त्रीयदृष्ट्या तो चूक नाही.

गेल्या महिन्यात नागपुरात महाल भागातला एक जुना वाडा पाडायला निघाला होता. ओळखीतून कळलं, म्हणून गेले. अंगणात भांडी, खाटा, देवळीची दारं मांडून ठेवलेली, आणि कोपऱ्यात तान्ह्या पोळ्याचा (पोरं खेळण्यातले बैल मिरवतात तो) एक बैल. सव्वा फूट लांब, पाटीवर उभा, चार चाकांपैकी तीन शाबूत. लाकडाचा म्हणून जोर लावून उचलला आणि हात एकदम वरच गेला. कागद! तान्ह्या पोळ्याचे बैल लाकडाचेच असतात हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत. लगद्याचा मी तरी पहिल्यांदाच पाहिला. १८०० रुपये मागितले, दिले.

आता अडचण. वरून कोणीतरी लालभडक तेलरंग फासलाय, दाराला देतात तो. मानेवर त्याचे पोपडे सुटलेत. खाली पांढरा दिसतो, त्याखाली निळसर, त्याच्याही खाली गेरू. पोटाखाली तळहाताएवढं भोक आहे आणि आतून छापील कागद दिसतो. तर:
तेलरंग काढावा का? काढला तर कुठल्या थरावर थांबावं? का चितारओळीत, मूर्ती रंगवणाऱ्यांच्या गल्लीत, नेऊन नवा रंगवून आणावा (आईचं मत)? का काचेच्या कपाटात ठेवून गप्प बसावं (नवऱ्याचं मत, पण त्यामागे कला नसून आळस आहे)?

भौराव
फोटो टाका न ताई. बैल न पाहता सौदा कोनी करत असते का?

पेटाऱ्यातली
टाकलेत भौराव, दोन बाजूंनी आणि पोटाखालून.

भौराव
पाह्यला. डोये मस्त हायेत. बाकी रंग म्हनजे आमच्या गावच्या पोस्टाच्या डब्ब्यावानी.

कस्तुरी
तसाच ठेवा. प्रश्नच नाही. जुन्या वस्तूला नवा रंग दिला की ती जुनी राहत नाही, 'जुन्यासारखी' होते. मी स्वतः हा गुन्हा केलाय. आजीच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे होते, ज्येष्ठेच्या गालावर तडा गेला म्हणून रंगवायला दिले. परत आल्या त्या दोघी टीव्हीवरच्या सुना होऊन. भुवया बारीक, ओठ गुलाबी. आजीनं तीन दिवस पूजा केली, पण नैवेद्य दाखवताना एकदाही वर पाहिलं नाही.

अस्मादिक
कस्तुरीताई, 'टीव्हीवरच्या सुना' :) पण एक विचारतो. तुमच्या आजीचे मुखवटे त्याआधी कधीच रंगवले गेले नव्हते का? म्हणजे आजी ज्यांना 'मूळ' समजत होती तेही कोणीतरी मधेच रंगवलेले असतील की.

चितारओळीतला
आमचं घर त्याच धंद्यातलं, म्हणून लिहितो. मुखवटे पुन्हा रंगवणं हा गुन्हा नाही, रिवाज आहे. महालक्ष्म्या बसायच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्याकडे मुखवट्यांची रांग लागते. लोक सांगतात, 'चेहरा उजळून द्या.' कोणी म्हणत नाही की दादा, जुना थर जपा. देवीचा चेहरा दरसाल उजळायचाच असतो. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, ते काम अजूनही वडीलच करतात, आणि तेव्हा दुकानात कोणी बोलत नाही.

कस्तुरीताईंचा राग समजतो. रंगवणारा घाईत असला की सगळे चेहरे एकाच आईचे होतात. यात चूक रंगाची नाही, हाताची आहे.

बैलाबद्दल: फोटोत पाठीच्या मधून शेपटीपर्यंत बारीक उंचवटा दिसतोय. तो सांधा आहे. साच्यावर कागद चढवून दोन अर्धुकं काढली आणि जोडली. म्हणजे हा नुसता लगदा थापून केलेला नाही, थरावर थर चिकटवून केलाय, म्हणूनच हलका. आजोबा गव्हाच्या खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. वर खडू आणि सरसाचं अस्तर, मग रंग. तुमच्या बैलाचा गेरू म्हणजे पहिला रंग असावा, नाहीतर अस्तराचाच भाग. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगणार नाही.

पेटाऱ्यातली
सांधा! मी त्याला तडा समजून रोज हळहळत होते. धन्यवाद दादा.

उगाच
१८०० रुपयांत नवीन सागवानी बैल आला असता, वर बोजाराही (पोरांना द्यायची ओवाळणी) उरला असता.

निळी_शाई
माझं काम जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं आहे. मूर्ती हा माझा विषय नाही, पण कागद कागदासारखाच वागतो. रंगाचा निर्णय नंतर घ्या, आधी या गोष्टी टाळा.

ओल्या फडक्यानं पुसू नका. तेलरंगाखालचे रंग बहुधा डिंकातले किंवा सरसातले असतील, पाणी लागलं की ते फडक्यावर येतात. मऊ, कोरडा ब्रश पुरे.

सँडपेपर तर अजिबात नको. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत हवं हा नियम आपल्याकडे २०१७ला लागू झाला. त्याआधीचा डबा कुठला, कोणास ठाऊक. जुन्या पिवळ्यात हरताळ (पिवळं खनिज) असेल तर त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, आलाच. घासून उडालेली धूळ तुमच्या आणि मुलांच्या नाकात जाणार.

पोटाचं भोक फेविकॉल लावून बुजवू नका. एकदा वाळला की तो कागदाचा कणा होऊन बसतो, पुढच्या माणसाला काढता येत नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ जपानी टिश्यू, एवढ्यावर भागतं. उद्या कोणाला काढावंसं वाटलं तर काढता येईल तेच आज लावायचं.

आणि भोकातून दिसणारा छापील कागद बाहेर ओढून बघायचा मोह टाळा. मला माहीत आहे तुम्हाला झालाय.

पेटाऱ्यातली
झाला होता. चिमटा हातात घेतला होता. ठेवला परत.

झिरो_माईल
पोटातल्या कागदाचा फोटो मोठा करून पाहिला. 'मध्यप्रदेश सरकार, नागपूर' असं काहीतरी आहे आणि खाली तुटलेलं '...ड आणा'. हे फार कामाचं आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडचं 'मध्यप्रदेश' झालं १९५०मध्ये, आणि नागपूर त्याची राजधानी राहिलं १ नोव्हेंबर १९५६पर्यंत. आणे गेले १ एप्रिल १९५७ला. म्हणजे वर्तमानपत्राचा हा अंक १९५० ते ५६मधला. तुमचा बैल सत्तरीचा, अभिनंदन!

बँकेत नोटा तपासायची जांभळी बत्ती असते, ती मारून बघा. नवा कागद निळा-पांढरा चमकतो.

निळी_शाई
झिरोमाईल, तर्क छान, पण दोन पाचरी मारते. एक, अंकाच्या तारखेवरून एवढंच कळतं की कागद *त्याआधी* चिकटवलेला नाही. रद्दी दहा वर्षं माळ्यावर पडून मग वापरली असेल. दोन, कागद दिसतोय तो पोटाच्या भोकाच्या काठाशी. तो मूळ बैलाचा कशावरून? जुनं भोक बुजवायला लावलेलं ठिगळही असेल.

बत्तीबद्दल: चमक येते ती कागद पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या रसायनामुळे, आणि असे कागद १९५०च्या आसपासपासून येऊ लागले. वर्तमानपत्राच्या कागदात ते सहसा नसतं, त्यामुळे तो चमकला नाही तरी काही सिद्ध होत नाही. पण कोणी अलीकडे वहीचा पांढरा कागद लावून दुरुस्ती केली असेल तर ती लख्ख दिसेल. मारून बघाच.

भौराव
एका बैलाचं पोस्टमार्टम चालू हाय अन् तिकडं माह्या खऱ्या बैलाले डाक्टर भेटून नाही राह्यला.

दगडी_जिना
मला एक मूलभूत प्रश्न पडतो. कागदाच्या वस्तू टिकाव्यात म्हणून केलेल्याच नसतात. आपल्या गावाचं सगळ्यात मोठं कागदकाम कोणतं? मारबत, ईडापीडेचा तो भलामोठा पुतळा. बांबू, कागद, कापड, रंग, महिनाभर राबणारी माणसं. काळी १८८१ची, पिवळी १८८५ची परंपरा. आणि करतो काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवतो, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणतो आणि जाळून टाकतो. तिच्यासोबतच्या पुरुषी पुतळ्यांचं, बडग्यांचंही तेच. कोणी म्हटलं का की यंदाची पिवळी मारबत संग्रहालयात ठेवू? ठेवली तर ईडापीडा गावातच राहील की! जाळण्यासाठी केलेली, खेळून मोडण्यासाठी केलेली वस्तू काचेत ठेवणं हा तिच्यावर अन्याय नाही का?

ह्यूस्टनची_सून
दगडीजिना, इथे मला उडी मारायलाच हवी. माहेर सक्करदऱ्याचं, त्यामुळे मारबत रक्तात. इथे शेजारीण मेक्सिकन आहे. त्यांच्याकडे ईस्टरच्या आदल्या शनिवारी जुडासचे (येशूला दगा देणारा) कागदी पुतळे करतात, भडक रंगवतात, फटाके बांधतात आणि उडवून देतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं, 'अगं हा तर आमचा बडग्या!'

पण गंमत पुढे आहे. दिएगो रिवेरा आणि फ्रिदा काहलो हे तिथले नामांकित चित्रकार असे जुडास विकत घेऊन घरात ठेवायचे. जाळायचे नाहीत, भिंतीला टेकवून ठेवायचे. रिवेरासाठी असे पुतळे करणाऱ्यांत पेद्रो लिनारेस नावाचा मेक्सिको सिटीचा कारागीर होता. १९३६मध्ये हा माणूस खूप आजारी पडला, तापात त्याला पंखवाली गाढवं आणि शिंगवाले कोंबडे दिसले, ते ओरडत होते, 'आलेब्रिखे! आलेब्रिखे!' बरा झाल्यावर त्यानं तेच प्राणी लगद्यातून केले. आज जगभरचे संग्राहक त्यामागे धावतात. १९९०मध्ये त्याला तिथला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाळायचे पुतळे करणाऱ्या माणसाचं काम कोणीतरी ठेवून घेतलं, म्हणून आपल्याला ते ठाऊक तरी आहे.

(इथल्या जुन्या बाजारात घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: लाकडात कोरलेले आलेब्रिखे ओआहाकाचे, लगद्याचे मेक्सिको सिटीचे. विकणारे सर्रास गोंधळ करतात, काही मुद्दाम.)

दगडी_जिना
मुद्दा मान्य. तरी सांगतो, रिवेराच्या घरात एक जुडास उभा राहिला म्हणून शनिवारचं जाळणं थांबलं नाही. तसं असेल तर माझी हरकत नाही. एक ठेवा, बाकीचे खेळू द्या.

अस्मादिक
'एक ठेवा, बाकीचे खेळू द्या' हे ठीक, पण लगद्याचा बैल तर एकच आहे.

वाळ्याचा_पडदा
थोडं अवांतर, पण नागपूरकरांना उपयोगी. मी कोलूच्या (नवरात्रात मांडतात त्या) बाहुल्या जमवते (सासर तमिळ, रामनगर). लगद्याच्या बाहुल्यांचा आपल्याकडचा खरा शत्रू उंदीर नाही, उधई नाही. कूलर. मे महिन्यात हवा कोरडी ठक्क, ४५ अंश. कागद आकसतो. मग आपण वाळ्याचा कूलर लावतो आणि त्याचा ओला झोत थेट कपाटावर. कागद फुगतो. रात्री कूलर बंद, पुन्हा आकसतो. कागद हलतो, पण वरचं खडूचं अस्तर हलत नाही, ते तडकतं. माझा दशावताराचा अख्खा संच असाच गेला, आणि मी दोन वर्षं विकणाऱ्याला शिव्या देत होते. वराहाचं नाक मला सोफ्याखाली सापडलं.

आता कपाट कूलरच्या खोलीत नाही. बाहेरच्या भिंतीलाही लागून नाही, कारण पावसाळ्यात ती भिंत पाणी पिते. पेटीत ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत दमट हवा कोंडून बुरशी येते. जुनं, पांढरं, कांजी न केलेलं सुती कापड उत्तम. कांजी म्हणजे किड्यांना जेवण.

सावजी_रस्सा
वराहाचं नाक सोफ्याखाली! आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत काकूनं छऊचा मुखवटा 'भुताचं तोंड' म्हणून घंटागाडीत टाकला होता. काका गाडीमागे पळाले. मुखवटा मिळाला, चप्पल गेली.

कस्तुरी
पडदाताई, कसर लागलीच तर काय करता? मी फ्रीजरबद्दल वाचलं होतं.

वाळ्याचा_पडदा
मी नुसत्या रद्दीला, रंग नसलेल्या साच्यांना करते. हवाबंद गुंडाळून दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर वस्तूला घाम फुटतो. रंगवलेल्या वस्तूला करायची हिंमत झाली नाही. निळीशाईंना विचारा.

निळी_शाई
जाड अस्तर असलेल्या रंगीत वस्तूला घरी करू नका, वर कूलरचं जे सांगितलंत तेच थंडीत होतं. किडलेली वस्तू आधी इतरांपासून वेगळी ठेवा, खाली काळा कागद अंथरा. आठवड्यानं त्यावर ताजा भुसा पडला असेल तरच कीड जिवंत आहे. पुष्कळदा भोकं जुनी असतात आणि भाडेकरू कधीच गेलेले असतात. मौल्यवान काही असेल तर लखनऊला जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, त्यांचा सल्ला घेता येतो.

उगाच
मला सांगा, या छंदात फसवणूक किती? चहाचं पाणी मारून 'अँटिक' करणारे फर्निचरमध्ये पाहिलेत.

पेटाऱ्यातली
भरपूर, उगाच. मी स्वतः तीनदा फसले. काश्मिरी डबा म्हणून घेतलेला निघाला पुठ्ठ्याचा, दुसरा लाकडाचा. वरची नक्काशी खरीच होती, हातानं केलेली, सुरेख. फक्त आत लगदा नव्हता. काश्मीरमध्ये साचा घडवणारे साख्तासाज वेगळे आणि रंगवणारे नक्काश वेगळे. लगदा कुटून, साच्यावर वाळवून, घासून तयार करायला दिवस लागतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी खालची वस्तूच बदलली. तिसरा एक 'शंभर वर्षांचा' हत्ती प्लास्टरचा निघाला.

आता सवयी झाल्यात. हातात घेऊन गालाला लावते, प्लास्टर गार लागतं, कागद नाही. टिचकी मारते. बूड पाहते, कारण बूड कोणी चहानं रंगवत नाही. झीज हात लागतो तिथेच आहे का ते पाहते. सोंडेच्या आतल्या वळणात झीज आणि पाठ नवी कोरी, असा हत्ती नको. आणि खरोखर शंभर वर्षांपुढची वस्तू कोणी परदेशी पाठवायला मागत असेल तर १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आठवा, केंद्र सरकार किंवा त्यानं नेमलेली संस्था सोडून कोणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही.

एक वही ठेवली आहे. कुठे, कोणाकडून, कितीला, ते लोक काय म्हणाले. आपल्याकडच्या कारागिरांनी सह्या केल्या नाहीत, त्यामुळे वस्तूमागची गोष्ट हरवली की सगळंच हरवलं. माझ्या राजा-राणीचं तेच झालंय.

चितारओळीतला
थोडं कडू लिहितो, राग मानू नका. सगळे जुनं शोधतात. जुन्याचा करणारा मेलेला असतो, त्याला काही द्यावं लागत नाही. दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात ओडिशाचे, बिहारचे, बंगालचे कारागीर येऊन बसतात. लोक विचारतात, 'कागद आहे? मग एवढं महाग कसं?' २०२३ला मिथिलेच्या सुभद्रादेवींना लगद्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरात फोटो पाहून सगळे वा वा करून गेले. आपल्याच राज्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे (तिथल्या सोंगांच्या उत्सवाचे) लगद्याचे मुखवटे करतात. किती संग्राहकांकडे ते थेट करणाऱ्याकडून घेतलेले आहेत?

पेटाऱ्यातली
राग नाही. एकतीसमधले चार थेट करणाऱ्यांकडून आहेत. चारच. वही काढून मोजले आणि लाज वाटली.

बोरू
उशिरा आलो. पोटाच्या भोकातून आत काय दिसतं ते कोणी पाहिलंच नाही का? काठाचा कागद सोडा. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि मोबाईलची बत्ती घ्या, आतल्या बाजूचा फोटो काढा. साच्यावर पहिला चढलेला थर आतून दिसेल. तो मूळचा.

पेटाऱ्यातली
बोरू, तुम्ही कोण आहात माहीत नाही, पण तुमच्या पाया पडते. आरसा भाचीकडून आणला (ती डेंटलला आहे). आतला सगळा थर हातानं लिहिलेला आहे! वहीची पानं, उभी घडी, काळी शाई. मोडी असावं, मला येत नाही. तीन फोटो टाकतेय. आणि निळीशाई, तुम्ही म्हणालात तसंच, छापील कागदाचं ठिगळ बाहेरून आत दुमडलेलं स्पष्ट दिसतंय.

बोरू
मोडीच आहे. फोटो तिरका आहे, तरी लागतंय ते लिहितो. 'जवस ... मण अडीच', खाली 'सरकी मण चार, शेर ...', मग एक नाव जे मी इथे लिहीत नाही, मग 'बाकी'. आडतीच्या दुकानाची वही आहे, बहुधा इतवारी बाजारातली, पण ते माझं अनुमान. साल या तुकड्यावर नाही. एवढं नक्की की मण-शेर चालू असतानाची आणि हिशेब मोडीत लिहिणारा मुनीम दुकानात बसत असतानाची.

झिरो_माईल
म्हणजे माझे १९५०-५६ हे दुरुस्तीचे. बैल त्याहून जुना. अभिनंदन मागे घेतो आणि मोठं अभिनंदन देतो.

अस्मादिक
थांबा, आता मूळ प्रश्नाकडे या. आडत्याच्या बाद वहीचा बैल केला. मग तो फाटला, पेपरचं ठिगळ लावलं. गेरू, निळा, पांढरा, लाल, असे चार रंग झाले. पेटाऱ्यातलीताई विचारतात कुठल्या थरावर थांबू. माझं म्हणणं, हा बैल दर पोळ्याला नवा करायचा म्हणूनच आजवर टिकलाय. लाल तेलरंगही त्याचाच. काढू नका. पोपडे बसवा आणि थांबा.

कस्तुरी
+१. आणि मी माझ्या महालक्ष्म्यांशीही आता जरा बरं वागेन म्हणते.

भौराव
राजेहो, येवढं डोकं तर म्या माह्या लग्नातही नव्हतं लावलं.

पेटाऱ्यातली
अपडेट. अस्मादिकांचं वाचून मी ठरवलंच होतं की लाल ठेवायचा. पण वहीत लिहायला माहिती हवी म्हणून वाड्यातल्या कुटुंबाला फोन केला. त्यांची आजी आता मनीषनगरला लेकीकडे असते, नव्वदीच्या जवळ. रविवारी बैल घेऊनच गेले.

आजींनी मांडीवर घेतला. शिंगांवरून हात फिरवला, तेवढ्यात म्हणाल्या, 'याचं चाक तुला कोणी दिलं नाही का?' मग: लाकडाचा बैल थोरल्या घरी असायचा, धाकट्या घरच्या पोरांना हा. कोणी केला ते त्यांना ठाऊक नाही, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा होताच. त्या वेळी निळा होता, गळ्यात कवड्या होत्या.

मी विचारलं, लाल रंग कोणी दिला? आजी एकदम ताठ बसल्या. 'माझ्या मोठ्या जावेनं. न्हाणीचं दार रंगवून डबा उरला होता. मला तेव्हाही आवडला नव्हता. तू काढून टाक.'

भौराव
घ्या! करा भांडन पयल्यापासून.

अस्मादिक
माझा मुद्दा जावेनं खाल्ला.

कस्तुरी
काढा! आजींनी सांगितलंय म्हटल्यावर संपलं.

दगडी_जिना
जाऊबाईंची बाजू कोणी ऐकली का पण?

निळी_शाई
ऐका, घाई नको. काढायचंच असेल तर आधी खालचा निळा शाबूत आहे का ते बघायला हवं. पुष्कळदा तेलरंग खालच्या डिंकाच्या रंगाला असा धरतो की दोघं बरोबरच सुटतात. लाल काढला आणि हाती नुसतं खडूचं अस्तर लागलं तर आजीही नाराज आणि जाऊही. शेपटीखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तांदळाच्या दाण्याएवढा भाग जाणकाराकडून तपासून घ्या. स्वतः थिनर लावू नका. तोवर मानेवरचे सुटलेले पोपडे खळीनं बसवून घेऊ, ते दोन्ही पक्षांना चालेल. मी दिवाळीनंतर नागपुरात आहे, बैल दाखवा.

पेटाऱ्यातली
चालेल. तोपर्यंत तो कपाटात, आतल्या भिंतीशी, कूलरपासून लांब. आजींना तसं कळवलं. 'दिवाळी म्हणजे लांब आहे' एवढंच म्हणाल्या.

चितारओळीतला
चौथ्या चाकाचं माप पाठवा. तीन चाकांवर उभा ठेवू नका, पाटी कलते आणि भार त्याच सांध्यावर येतो. सागाचं करून देतो. रंग देणार नाही, घाबरू नका.

पेटाऱ्यातली
अडीच इंच व्यास, भोक पेन्सिल जाईल एवढं. आणि दादा, पैसे सांगा. वहीत पाचवी नोंद करायची आहे.